राजगड–तोरणा डोंगरधार

पुणे जिल्ह्यातील राजगड व तोरणा (प्रचंडगड) या दोन गिरिदुर्गांना जोडणारी सह्याद्रीच्या एका उपशाखेची धार व तिच्या माथ्यावरून जाणारी पायवाट. ही धार पुणे शहराच्या नैर्ऋत्येस, वेल्हे (आता राजगड) तालुक्याच्या परिसरात आहे. राजगडाची समुद्रसपाटीपासून उंची सु. १,३७६ मी. व तोरण्याची १,४०३ मी. असून तोरणा हा पुणे जिल्ह्यातील सर्वांत उंच किल्ला मानला जातो. दोन्ही किल्ल्यांमधील सरळ अंतर सु. सात कि.मी. आहे, तथापि धार वळणावळणाची असल्याने प्रत्यक्ष चालावे लागणारे अंतर त्याच्या दीडपटीहून अधिक भरते. राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवणे गावातून निघून, राजगड चढून, धारेवरून तोरण्यावर जाऊन पलीकडे वेल्हे येथे उतरणे हा एका दिवसाचा प्रवास महाराष्ट्रातील डोंगरभटक्यांत फार दिवसांपासून रूढ आहे. त्याची एकूण लांबी सु. २० ते २४ कि.मी. होते.

राजगडाच्या संजीवनी माचीच्या टोकावरून पाहिले असता तोरणा अगदी हाकेच्या अंतरावर असल्यासारखा वाटतो आणि मधली धार जवळजवळ सपाट भासते. हे दृश्य फसवे आहे. धारेवरील टेकाडे एकामागे एक दडलेली असल्याने त्यांच्यामधील खोलगट भाग दिसत नाहीत. प्रत्येक टेकाड चढून गेल्यावर पुढे आणखी एक उतार व आणखी एक चढ उभा राहतो. सर्वांत खडी चढण तोरण्याच्या पायथ्याशी, म्हणजे चालणारा थकलेला व जवळचे पाणी संपत आलेले असताना येते. या वाटेवर ओढवणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ दृष्टीच्या या फसगतीत आहे.

भूरचना : सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून या भागात पूर्वेकडे दोन पदर निघतात. त्यांपैकी एकावर तोरणा व राजगड हे किल्ले असून दुसऱ्यास भुलेश्वराची रांग म्हणतात. राजगड–तोरणा धारेच्या उत्तरेस कानद नदीचे व दक्षिणेस वेळवंडी नदीचे खोरे आहे. म्हणजे ही धार दोन खोऱ्यांमधील जलविभाजक आहे. पावसाळ्यात वाटेच्या उजव्या हाताला पडलेला थेंब एका खोऱ्यात जातो व डाव्या हाताला पडलेला दुसऱ्या. मात्र हा वियोग तात्पुरता असतो. दोन्ही बाजूंचे पाणी अखेर नीरा नदीस मिळते आणि नीरा भीमेस. वेळवंडी नदीवर भाटघर येथे धरण असून त्याच्या जलाशयाचे फाटे धारेवरून दक्षिणेकडे पाहिले असता डोंगरांच्या बेचक्यांत शिरलेले दिसतात.

धारेचा खडक दख्खनच्या पठाराचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्ह्याचे प्रचंड लोट वारंवार बाहेर पडले व एकावर एक आडवे थर साचत गेले. यांतील काही थर घट्ट व कठीण आहेत, तर काही सच्छिद्र असून लवकर झिजतात. कठीण थराची झीज उभ्या कड्याच्या रूपाने होते. मऊ थर झिजून त्याचा उतरता पदर बनतो. सह्याद्रीच्या डोंगरांना येणारे पायऱ्यापायऱ्यांचे रूप यामुळेच लाभले आहे आणि गडांच्या माच्या, म्हणजे मुख्य शिखराखालील लांब व अरुंद सपाट्या, अशाच कठीण थरांवर टिकून राहिल्या आहेत. राजगडाच्या सुवेळा माचीवरील प्रसिद्ध ‘नेढे’ (कातळाला आरपार पडलेले भोक) हेही खडकाच्या कमकुवत भागाची झीज होऊन तयार झालेले आहे. वाऱ्याच्या दिवशी त्यात बसणे हा एक वेगळाच अनुभव ठरतो. धारेवर चालणाऱ्यास मात्र या भूरचनेचा परिचय पायांनीच होतो : कठीण थरावर वाट ठसठशीत व भरवशाची असते, मऊ थराच्या उतारावर ती मुरमाड व घसरडी बनते. या सुट्या दगडगोट्यांच्या घसरणीस भटक्यांच्या भाषेत ‘घसारा’ म्हणतात.

या प्रदेशातील लोकांच्या बोलीत डोंगराच्या अवयवांना नेमके शब्द आहेत व त्यांवाचून वाट समजावून सांगता येत नाही. डोंगराचा अरुंद, लांबट माथा म्हणजे धार. मुख्य डोंगरापासून खाली उतरत गेलेला फाटा म्हणजे सोंड किंवा दांड. दोन उंचवट्यांमधील खोलगट जागा म्हणजे खिंड. कड्याच्या पायाशी आडवी जाणारी सपाटी म्हणजे पदर. कड्यातील पाण्याने कोरलेली अरुंद घळ म्हणजे नाळ. ‘खिंड ओलांडून डाव्या दांडाला लागू नका, पदराने आडवे जा’ असे गुराख्याने सांगितले, तर त्या एका वाक्यात अर्ध्या तासाच्या वाटेचे संपूर्ण वर्णन आलेले असते. शहरी माणसास ते कळत नाही व तो भलत्याच सोंडेवरून उतरू लागतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : शिवाजी महाराजांनी सु. १६४६ मध्ये तोरणा ताब्यात घेतला. गडाच्या विस्तारावरून त्यास त्यांनी प्रचंडगड असे नाव दिले. गडाची दुरुस्ती चालू असता तेथे धन सापडले व ते जवळच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर नवा किल्ला बांधण्याकडे लावले, अशी परंपरा आहे. हा नवा किल्ला म्हणजे राजगड. राजधानी रायगडावर जाईपर्यंत सु. पंचवीस वर्षे स्वराज्याचा कारभार राजगडावरून चालला. सईबाईंचे निधन १६५९ मध्ये येथेच झाले. १६६६ मध्ये आग्र्याहून सुटून महाराज येथेच परतले आणि राजाराम महाराजांचा जन्मही १६७० मध्ये याच गडावर झाला. १६६५ च्या पुरंदरच्या तहान्वये तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, तेव्हा महाराजांनी स्वतःकडे राखलेल्या बारा किल्ल्यांत राजगड व तोरणा हे दोन्ही होते. ही निवड सहजगत्या झालेली नसावी. एका किल्ल्यावर उभे राहून दुसऱ्याकडे पाहिले म्हणजे, यांतील एक शत्रूच्या हाती गेला तर दुसऱ्यावर निर्वेधपणे नांदणे अवघड होते, हे सहज ध्यानात येते.

हे नाते पुढे औरंगजेबाच्या स्वारीत पुन्हा दिसून आले. दीर्घ वेढ्यानंतर फेब्रुवारी १७०४ मध्ये राजगड त्याच्या हाती आला आणि लगोलग त्याने आपला मोर्चा तोरण्याकडे वळविला. मार्च १७०४ मध्ये तोरणा मोगलांनी हल्ला करून घेतला. किल्लेदाराशी देवघेव करून किल्ले मिळविणाऱ्या बादशहास प्रत्यक्ष लढून घ्यावा लागलेला किल्ला म्हणून तोरण्याचा उल्लेख नेहमी होतो. पुढे हे दोन्ही किल्ले मराठ्यांकडे परत आले व दीर्घकाळ भोर संस्थानाच्या ताब्यात होते. १९४८ मध्ये ते संस्थान विलीन झाले.

वाटेचे वर्णन : गुंजवणे गावातून निघालेली वाट शेते व विरळ झाडी ओलांडून एका सोंडेवरून चढते आणि अखेरच्या खड्या टप्प्यानंतर चोर दरवाजाने पद्मावती माचीवर प्रवेश करते. साधारण प्रकृतीच्या माणसास या चढणीला दोन ते अडीच तास लागतात. पाली गावाकडून येणारी पाली दरवाजाची वाट अधिक रुंद व पायऱ्यांची असून ती गडाचा राजमार्ग होती. पद्मावती माचीवर तलाव, पद्मावतीचे मंदिर व पाण्याची टाकी आहेत. पुढचे चालणे ध्यानात घेता या टाक्यांचे महत्त्व गडावरील कोणत्याही वास्तूपेक्षा अधिक आहे, कारण येथून निघाल्यावर तोरण्याच्या माथ्यापर्यंत भरवशाचे पाणी नाही. बालेकिल्ला व सुवेळा माची पाहण्यास आणखी दोन-तीन तास सहज लागतात. त्यामुळे एका दिवसात तोरणा गाठावयाचा असेल, तर राजगडाचे दर्शन धावतेच घ्यावे लागते. एरवी राजगडास स्वतंत्र दिवस देणे हेच योग्य.

धारेकडे जाणारी वाट संजीवनी माचीवरून निघते. सु. अडीच कि.मी. लांबीची ही माची तीन टप्प्यांनी उतरत गेलेली आहे. तिची बांधणी दुर्गशास्त्राच्या अभ्यासकांना नेहमीच मोहवीत आलेली आहे. बाहेरच्या तटाच्या आत दुसरा तट असून दोहोंमध्ये माणूस जेमतेम वावरू शकेल अशी नाळ ठेवलेली आहे. टप्प्यांच्या शेवटी दुहेरी बांधणीचे, म्हणजे चिलखती, बुरूज आहेत. बाहेरचा तट पडला तरी शत्रू अरुंद नाळेत सापडावा, अशी ही योजना होती. इतकी काळजी याच बाजूला का घेतली, याचे उत्तर माचीच्या टोकाशी मिळते : राजगडाच्या इतर सोंडा तीव्र उताराने दरीत कोसळतात, येथे मात्र डोंगर दरीत न उतरता पुढे तोरण्यापर्यंत चालत जातो. ही धार मित्रासाठी वाट होती, तशीच शत्रूसाठीही होती. माचीवरून बाहेर पडणाऱ्या आळू दरवाजावर वाघाने सांबरास उताणे पाडल्याचे शिल्प होते. याच दरवाजातून बाहेर पडून आजही धारेची वाट पकडावी लागते.

दरवाजाखालचा पहिला उतार या साऱ्या प्रवासात सर्वांत जपून उतरण्याचा आहे. वाळलेले गवत व मुरूम यांमुळे पाय घसरतो आणि सकाळच्या घाईत तो येथेच मुरगळण्याचा संभव अधिक. उतार संपल्यावर वाट धारेच्या माथ्याला लागते व पुढे कधी माथ्यावरून, कधी टेकाडास वळसा घालून जाते. धारेवर कारवीची झुडपे दाट आहेत. सात-आठ वर्षांनी एकदाच एकगठ्ठा फुलणारी ही वनस्पती इतर वेळी उन्हापासून थोडा आडोसा देते आणि तिच्या काठ्या स्थानिक घरांचे कूड विणण्यास उपयोगी पडतात. कारवीच्या दाटीत मात्र वाट हरवते. शिवाय गुरांच्या येण्याजाण्याने पडलेल्या ढोरवाटा मुख्य वाटेहून अधिक मळलेल्या असतात. त्या चराईच्या जागी किंवा पाण्याच्या डबक्याशी जाऊन विरतात. संशय आला असता धारेच्या माथ्यावर परत येऊन दोन्ही गड कोणत्या दिशेस आहेत ते पाहणे, हा जुन्या भटक्यांचा नियम. धार स्वतःच वाटाड्याचे काम करीत असल्याने, ती सोडून खाली उतरणे हेच येथे वाट चुकण्याचे दुसरे नाव आहे.

साधारण मध्यावर वेल्ह्याहून भुतोंडे गावाकडे जाणारा डांबरी रस्ता खिंडीतून धार ओलांडतो. भुतोंडे हे येसाजी कंक यांचे गाव म्हणून ओळखले जाते आणि भाटघरच्या जलाशयासही त्यांचेच नाव दिलेले आहे. पूर्वी ही खिंड कानद व वेळवंड या खोऱ्यांतील माणसांची रोजची पायवाट होती. आज तेथून वाहने जातात. चालणाऱ्याच्या दृष्टीने या रस्त्याचे महत्त्व वेगळे आहे. तो या प्रवासातील एकमेव सुरक्षित माघारीची जागा आहे. दुपारचा एक वाजून गेला असेल, पाणी निम्म्याहून कमी उरले असेल किंवा सोबत्यांपैकी एकाची चाल मंदावली असेल, तर येथून वेल्ह्याकडे उतरून जाणे हाच शहाणपणा. खिंडीच्या पुढे धार पुन्हा चढू लागते व तोरण्याच्या पायथ्याशी पोचल्यावर मागे फिरणे पुढे जाण्याइतकेच दूर होऊन बसते.

धारेवर धनगरांची मोजकी घरे आहेत. गुरे-म्हशी राखणे हा त्यांचा व्यवसाय. उन्हाळ्यात त्यांनाही पाणी दुरून आणावे लागते, तरी दारी आलेल्या वाटसरूस ताक किंवा तांब्याभर पाणी देण्याची रीत त्यांनी सोडलेली नाही. सुटीच्या दिवशी येणाऱ्यांची संख्या वाढल्यापासून काही ठिकाणी ताक व लिंबूपाणी विकलेही जाते, आणि ते योग्यच आहे. डोक्यावरून आणलेले पाणी शेकडो अनोळखी लोकांना फुकट वाटावे, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार पाहुण्यांना नाही. आपल्या वाट्याचे पाणी आपण वाहून नेणे, ही या धारेवरील सभ्यतेची पहिली पायरी होय.

तोरण्याची चढण बुधला माचीच्या बाजूने होते. माचीवरील सुळका तेल साठविण्याच्या उपड्या बुधल्यासारखा दिसतो, म्हणून माचीला हे नाव पडले. धारेवरून हा सुळका बराच आधीपासून दिसू लागतो व दीर्घकाळ तेवढाच लहान दिसत राहतो. थकलेल्या माणसाच्या मनावर याचा परिणाम होतो. शेवटच्या टप्प्यात घसाऱ्याची तीव्र चढण व कातळाचा अवघड भाग असून तेथे चढण्यासाठी लोखंडी शिडी बसविलेली आहे. माचीवर पोचल्यावरही बालेकिल्ला दूरच असतो. तटाच्या कडेकडेने, काही ठिकाणी दोन्ही अंगांस दरी असलेल्या अरुंद वाटेने चालल्यावर मेंगाई देवीच्या मंदिराशी पोचता येते. झुंजार माची गडाच्या दुसऱ्या अंगास आहे; ती पाहण्यास या दिवशी सहसा कोणाजवळ वेळ उरत नाही. बिनी दरवाजाने वेल्ह्यास उतरण्यास दीड ते दोन तास लागतात. उतार सोपा नाही. दिवसभराच्या चालीनंतर गुडघे येथेच बोलू लागतात.

दृश्ये : या धारेवरून दिसणारा प्रदेश मराठ्यांच्या इतिहासाचा जणू नकाशाच आहे. ईशान्येस सु. १५ कि.मी. वर सिंहगड, पूर्वेस दूरवर पुरंदर व वज्रगड, दक्षिणेकडे रोहिडा, केंजळगड व रायरेश्वराचे विस्तीर्ण पठार आणि त्यांच्या मागे महाबळेश्वरची उंच भूमी ओळखता येते. तोरण्याच्या माथ्यावरून पश्चिमेकडे पाहिले असता सह्याद्रीच्या मुख्य धारेपलीकडे, सु. २० कि.मी. वर, रायगडाचा सपाट माथा व त्याच्या अलीकडे लिंगाण्याचा सुळका दिसतो. राजगडावरून रायगडास राजधानी हलविली म्हणजे ती किती दूर गेली आणि घाटाची कोणती भिंत मध्ये आली, हे पुस्तकापेक्षा येथे अधिक स्पष्ट होते. उत्तरेकडे पानशेत व वरसगावचे जलाशय चमकतात.

ही दृश्ये वर्षभर सारखी नसतात. पावसाळ्यात धार बहुधा ढगांत असते व दहा पावलांपलीकडचे दिसत नाही. उन्हाळ्यात क्षितिजावर धुरळा साचतो. पाऊस ओसरल्यानंतर, ऑक्टोबरच्या पूर्वार्धात, हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते आणि उतारांवर सोनकीची पिवळी फुले असतात. या पंधरवड्याइतके दूरचे व स्पष्ट दर्शन इतर वेळी क्वचितच घडते. हिवाळ्यातील पहाटे दोन्ही खोऱ्यांत धुके साचून धार तेवढी वर उरते. संजीवनी माचीवरून अशा वेळी पाहिलेला तोरणा पुष्कळांच्या स्मरणात राहतो. गो. नी. दांडेकरांसारख्या दुर्गप्रेमी लेखकांनी सह्याद्रीतील किल्ल्यांवर आयुष्यभर भटकंती करून तिच्याविषयी लिहिले. महाराष्ट्रातील तरुणांत किल्ल्यांची ओढ निर्माण होण्यात अशा लेखनाचा मोठा वाटा आहे.

वेळ व पाणी यांचे गणित : स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये डोंगरातील चालीचा एक आडाखा मांडला. सपाटीवर सु. पाच कि.मी. ला एक तास व दर ६०० मी. चढणीस आणखी एक तास धरावा, असे त्याचे स्वरूप आहे. हा आडाखा राजगड–तोरणा वाटेस लावला, तर गुंजवणे ते वेल्हे हा प्रवास साडेसहा-सात तासांत संपावा. प्रत्यक्षात सरावलेल्या मंडळींसही दहा ते बारा तास लागतात. फरकाचे कारण असे की, या आडाख्यात घसाऱ्यावरील सावध उतार, कातळातील खोळंबा, मंडळी मोठी असल्यास शिडीपाशी लागणारी रांग आणि विशेषतः ऊन यांचा हिशेब नाही. थंड हवामानाच्या देशात बसविलेला नियम आपल्याकडे लावताना त्यात किमान निम्मी भर घालणे आवश्यक आहे. डिसेंबरमध्ये सूर्य सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो. हे ध्यानात घेता गुंजवण्यातून पहाटे अंधार असतानाच निघावे लागते. सकाळी नऊ वाजता पायथा सोडणाऱ्याने त्या दिवशी तोरण्याचे नाव काढू नये.

पाण्याचे गणित याहून कठोर आहे. उन्हातील चढणीत शरीरातून घामावाटे तासाला सु. एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. धारेवरील वाऱ्यामुळे घाम अंगावर थांबत नाही व आपण किती पाणी गमावीत आहोत याची जाणीव होत नाही. उंचीमुळे हवाही पायथ्यापेक्षा थोडी थंड असते, त्यामुळे तहान उशिरा लागते. या सुखद वाऱ्यावर विसंबून पाणी वाचवीत चालणारा माणूस दुपारी बुधल्याच्या चढणीवर एकाएकी खचतो. डोके दुखणे, मळमळणे, बोलणे असंबद्ध होणे व घाम येण्याचे थांबणे ही उष्माघाताची चिन्हे आहेत. ती दिसताच चालणे थांबवून सावली करणे, अंग ओले करून वारा घालणे व शक्य तितक्या लवकर वैद्यकीय मदत मिळविणे अगत्याचे असते. माणशी चार ते पाच लिटर पाणी व त्यासोबत मीठ-साखर, ही या वाटेची किमान शिदोरी समजावी. राजगडावरील टाक्यांशी सर्व भांडी पुन्हा भरून घेतल्यावाचून आळू दरवाजा ओलांडू नये.

चालण्याची दिशा कोणती ठेवावी, याविषयी मतभेद आहेत. राजगडाकडून निघाल्यास अवघड चढण शेवटी येते, हा दोष वर सांगितलाच आहे. तोरण्याकडून निघाल्यास सर्वांत उंच माथा सकाळच्या थंडाव्यात सर होतो, बुधल्याचा घसारा ताज्या पायांनी उतरता येतो आणि दिवस मावळताना समोर संजीवनी माची असते. शेवटी पाण्याची टाकीही हाताशी येतात. नवख्या मंडळींसाठी ही उलटी दिशा निश्चितपणे अधिक सुरक्षित आहे. तरीही बहुसंख्य लोक राजगडाकडूनच निघतात, कारण तोरण्यावरून उतरले की वेल्ह्यास परतीचे वाहन मिळणे सोपे जाते. सोयीने वाट ठरविली जाते व तिची किंमत पायांना मोजावी लागते. राजगडावर मुक्काम करून हा प्रवास दोन दिवसांत विभागण्याचीही पूर्वापार पद्धत आहे. मात्र गडावरील मुक्कामाविषयी शासकीय निर्बंध वेळोवेळी बदलत असल्याने त्यांची चौकशी आधी करावी लागते.

ऋतू व धोके : ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ सर्वांत चांगला. मार्चपासून गवत पूर्ण वाळते व वणव्यांचा धोका असतो. बेफिकिरीने टाकलेली एक विडी साऱ्या उतारास पुरते. जून ते सप्टेंबर या काळात शेवाळलेला कातळ, दाट धुके व जोराचा वारा यांमुळे अनुभवी वाटाड्यावाचून धारेवर जाणे धोक्याचे आहे. वादळी पावसात माथ्यावर विजेचेही भय असते. कड्यांना आग्या मोहोळे असतात. धूर, उग्र सुगंधी द्रव्ये व आरडाओरडा यांमुळे चवताळलेल्या माशा मैलभर पाठलाग करतात, आणि अरुंद वाटेवर पळणे हे त्यांच्या दंशाइतकेच घातक ठरते. सापांचे भय लोकांना वाटते तेवढे नसले, तरी दगडांच्या आडोशाला न पाहता हात घालू नये.

अलीकडच्या काळात सिंहगड, राजगड व तोरणा या तिन्ही गडांना जोडणाऱ्या मार्गावर दीर्घ पल्ल्याच्या धावण्याच्या स्पर्धाही होऊ लागल्या आहेत. सरावलेले धावपटू एरवीच्या भटक्यास दोन दिवसांचा वाटणारा पल्ला एका दिवसात पार करतात. यामुळे धारेची ख्याती वाढली. त्याबरोबरच सुटीच्या दिवसांतील गर्दी, प्लॅस्टिकचा कचरा आणि उतारांवर वाट रुंदावून होणारी मातीची झीजही वाढली. घसाऱ्याच्या उतारावर एकाच्या मागे एक न चालता जो तो सोयीच्या बाजूने उतरू लागला, की एका पावसाळ्यात पाऊलवाटेचा ओहोळ होतो व पुढच्या वर्षी त्याच्या शेजारी नवी वाट पडते. संजीवनीखालच्या उतारावर अशा समांतर वाटा उघड दिसतात.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. त्यांत राजगड आहे, तोरणा नाही. प्रत्येक किल्ल्याची निवड स्वतंत्र निकषांवर झाली असणार, यात शंका नाही. परंतु संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी ज्या धारेकडे तोंड करून उभी आहे, ती धार तोरण्याच्या बुधल्यापाशी जाऊन संपते. त्या धारेवरून एकदा चाललेल्या माणसास हे दोन गड वेगवेगळे मोजणे कठीण जाते.